दारामागचं स्टूल

डॉ. चंद्रकांता बिसेन तपासणीच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढतात. रोगी काढतो, म्हणून.

त्या खुर्चीवर बसत नाहीत. दारामागे, वजनकाट्याच्या शेजारी एक लोखंडी स्टूल आहे. त्यावर बसतात.

ॲप्रन घालत नाहीत. गळ्यात स्टेथोस्कोप नसतो. हातात पेन नसतं.

डाव्या मुठीत चिंचोके असतात. शिकाऊ डॉक्टरनं रोग्याचं बोलणं मधेच तोडलं, की त्यातला एक उजव्या मुठीत जातो. पदराखाली बारीक टक् असा आवाज येतो. तो रोग्याला ऐकू जात नाही. डॉक्टरला बरोबर ऐकू जातो.

त्या डॉक्टरकडे बघत नाहीत. रोग्याच्या तोंडाकडेही फारसं बघत नाहीत. पायांकडे बघतात.

रोगी गेला की आधी पाणी पितात. गिलास पालथा ठेवतात. मग बोलतात.

"मॅडम, कसं झालं?" असं कोणी विचारलं तर म्हणतात, "मले काय पुसतो? तो चालला न बाहेर, त्याले पूस."

आणि एकदा स्टुलावर बसल्या, की रोगी जाईपर्यंत उठत नाहीत. काहीही होवो.

भुपेंद्र लांजेवारनं हे सगळं पहिल्या आठवड्यातच हेरलं होतं. पहिल्या आठवड्यात त्याला त्या मुळीच आवडल्या नव्हत्या.

भुपेंद्र तुमसरचा. वडील एका राइस मिलमध्ये मुनीम. नागपुरात एमबीबीएस करून तो लाखांदूरच्या बाहेर, धानाच्या बांद्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, लागून असलेल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात दोन वर्षांच्या प्रशिक्षणाला आला होता. इथं शिकायला येणारी पोरं लांबलांबची असत. त्यांना बोली कळत नसे. 'आंग भारी वाटते' म्हणजे नेमकं काय, 'जीव घाबरल्यासारखा होते' म्हणजे छातीत की पोटात, हे ती परिचारिका शकुनबाईला विचारत. भुपेंद्रला कोणाला काही विचारावं लागत नसे. तो दारातूनच आवाज द्यायचा, "का गा बुढा, कोंबडी खाऊन आला का उपाशी आला?" म्हातारा हसायचा. मागची रांग हसायची. म्हाताऱ्या बाया त्याच्या गालावरून बोटं फिरवून जात. त्याच्या दारापुढची रांग सगळ्यांत लांब असे.

रोग्याशी कसं बोलावं हे शिकवायला एक निवृत्त बाई येतात, हे ऐकून त्याला हसू आलं होतं. त्याला कशाला शिकवायचं? तो तर इथलाच.

पहिल्याच दिवशी कंबर दुखणारी एक बाई आली. पाच मिनिटांत हसत हसत बाहेर गेली. भुपेंद्र खुशीत मागे वळला. मॅडमनी पाणी प्यायलं. गिलास पालथा ठेवला. मग उजवी मूठ टेबलावर उघडली. चिंचोक्यांचा लहानसा ढीग पडला.

"इतके?"

"मोजू नको. पेराचे नाहीत ते."

"मॅडम, ती तर हसत गेली."

"हासत गेली, खरं आहे. तिनं तीनदा तोंड उघडलं. तुनं तिन्ही वेळा हासवलं." त्यांनी चिंचोके गोळा केले. "हासलेला माणूस गप होते, बेटा. आपल्याले वाटते, त्याचं बोलून झालं."

भुपेंद्रला राग आला. संध्याकाळी तीच बाई औषधाच्या खिडकीपाशी शकुनबाईला काहीतरी सांगत होती. पदर तोंडाशी धरून. अंगावरून जात होतं तिच्या, सहा महिने. कंबर त्यानंच दुखत होती.

राग गेला. त्याच्या जागी आलं ते धड शरमही नव्हतं.

त्यानंतर तो मॅडमसोबत चहाला जायला लागला. दवाखान्याच्या फाटकासमोर टपरी होती. मॅडम सगळ्यांच्या शेवटी चहा घेत आणि बशीत ओतून पीत. कधी बोलत, कधी नाही. त्यांचं माहेर तुमसरकडच्या खेड्यातलं. वडील भैय्यालाल बिसेन यांची धानाची अडत होती. शेतकरी गाडी घेऊन आला की बाबूजी आधी पाणी देत. मग त्याला बोलू देत. घरचं, गावचं, बैलाचं, जावयाचं. तोवर पोत्यात हात घालत नसत.

"मोठा माणूस असन मॅडम तुमचा बाबूजी."

"मोठा कायचा? पक्का व्यापारी. बोलता बोलता शेतकरी स्वतःच सांगून जाये, धान कोणत्या कोपऱ्यातलं ओलं आहे ते." त्या बशीआडून हसल्या. "म्या तेच उचललं. फक्त भाव पाडत नाही."

पुढे त्या डॉक्टर झाल्या. सरकारी नोकरीत तालुक्या-तालुक्यांतून फिरल्या. निवृत्त झाल्यावर माहेरच्या घरी बसतील असं भावाला वाटलं होतं. त्या लाखांदूरला आल्या. खोली भाड्यानं घेतली, आणि औषधाचा एक शब्दही न शिकवता हे एकच काम धरलं. दारामागे बसायचं. बघायचं.

भुपेंद्रच्या वाट्याचे चिंचोके हळूहळू कमी झाले. दिवाळीनंतर तर एखाददुसराच टक् ऐकू येई. तो जीभ दाताखाली धरायला शिकला होता. निदान त्याला तसं वाटत होतं.

मार्गशीर्षात, बाजाराच्या दिवशी, देवाजी कापगते आला.

सोबत आणखी एक माणूस होता. जवळपास त्याच वयाचा. दोघांच्याही अंगावर धुतलेले कपडे, देवाजीच्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. सोबतच्या माणसानं दाराशी चपला काढल्या. देवाजीच्या पायांत नवे काळे जोडे होते. ते त्यानं काढले नाहीत. आत आल्यावर त्यानं गळ्यातल्या दुपट्ट्यानं रोग्याची खुर्ची पुसली, सोबतच्याला तिच्यावर बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

"अगा काका, दुखनं कोनाचं आहे? तुमीच बसा न," भुपेंद्र म्हणाला. दुसरी खुर्ची ओढली. देवाजी तिच्या काठावर टेकला.

"मले काई नाई सायेब. हे म्हनले, इतक्या दूर आलोच आहो त दाखवून घ्या. म्हनून आलो."

जोडे काढल्यावर खोलीत वास पसरला. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. शकुनबाईनं बोटातून रक्ताचा थेंब घेतला. साखर भलतीच वाढलेली निघाली.

भुपेंद्रनं घाई केली नाही. चेष्टा केली नाही. स्वर खाली आणला. कागदावर पायाचं चित्र काढलं. "काका, कालव्याचं पानी शेवटच्या बांदीले पोचलं नाई त धान वाळते न? तसं झालं हे. साखरेनं नळ्या बुजल्या. रगत बोटापर्यंत पोचून नाई राहिलं. आज भरती व्हा. ही दोन बोटं काढाव लागतीन. थांबले त काळं वर चढंन. मंग पाय कापाव लागंन."

बोलताना त्यालाच जाणवलं, छान बोलतोय आपण. एक शब्द कठीण नाही. एक शब्द खोटा नाही.

देवाजी हसला. मोकळा, मोठ्यानं. "हव. बराबर सांगितलं सायेबानं. पानी पोचत नाई शेवटच्या बांदीले."

"मंग भरती होता न?"

"धानाचं चुरणं आटपलं का येतो. भाऱ्यांचे पुंजने उभे आहेत वावरात." मळणी व्हायची होती.

"किती दिवस?"

"होऊन जाते."

सोबतचा माणूस खिडकीबाहेर बघत होता. देवाजीनं कळवळत पाय जोड्यात कोंबला, सोबतच्याच्या आधी उठून त्याच्यासाठी दार धरलं, आणि दोघं गेले.

भुपेंद्र स्टुलाकडे वळला. आज एकही टक् आला नव्हता. त्यानं कोणाचंही बोलणं तोडलं नव्हतं.

मॅडमनी पाणी ओतलं. प्यायल्या नाहीत. डावी मूठ उघडली. सगळे चिंचोके तिथंच होते.

"त्याच्यासंगं कोण होतं?"

"भाऊ असन."

"पुसलं?"

भुपेंद्रनं नकारार्थी मान हलवली.

"भावाले कोणी खुर्ची पुसून देते का? अन् आपण काळा पाय घेऊन उभं राहते?" त्या हळू बोलत होत्या. "हातात साड्यांच्या दुकानाची पिशवी. अंगावर धुतलेली आंगी. जोडे इतके नवे का खालचा तळ अजून पांढरा. अन् महिना कोणता आहे?"

लग्न जुळवायचा महिना. "इवाई," भुपेंद्र म्हणाला. व्याही.

"अजून झाला नसन. होणारा आहे. साक्षगंधाचे कपडे घ्याले आले होते." त्यांनी चिंचोके टेबलाच्या आपल्या बाजूला ओतले. "इवायासमोर पोरीचा बाप काय म्हणन? मले भीती वाटते, म्हणन? भरती करा, म्हणन? तो हासन. हासला. घरी गेला."

"मॅडम, तुम्हाला कधी कळलं?"

"खुर्ची पुसली तेव्हा."

"मग उठला का नाही तुम्ही?"

हा प्रश्न विचारायचा नव्हता. तोंडातून गेला.

मॅडम भरल्या गिलासाकडे बघत सांगू लागल्या. भंडाऱ्याला त्या नवीन डॉक्टर होत्या, तेव्हा त्यांचे वरिष्ठ रोग्यासमोर मधेच उठून येत. "अरे, तिला काय कळतं, इकडे बघा" म्हणत. ते बोलत ते बरोबरच असे. पण त्यानंतर तो रोगी चंद्रकांताबाईंकडे परत कधी बघत नसे. कितीही वेळा आला तरी. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, आपण शिकवायला बसलो तर उठायचं नाही. पोरगं पडलं तरी उठायचं नाही. उठलो, की रोग्याच्या लेखी ते पोरगं संपलं.

"बरोबरच आहे न ते," भुपेंद्र म्हणाला.

"हो. अन् तो काळा पाय घेऊन घरी गेला. तेही तितकंच खरं." त्यांनी चिंचोक्यांवर हात ठेवला. "हे आजचे माझे. तुझे नाहीत."

त्या दिवशी गिलास पालथा झाला नाही. भरलेलाच राहिला.

शकुनबाईनं कागदावरच्या नंबरवर फोन लावून पाहिला. कोणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. देवाजी आला नाही. रुग्णवाहिका पाठवायचं बोलणं निघालं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "पाठवा. म्हणजे सगळ्या गावाले कळन. राहिलेली सोयरीकही मोडन." मग भुपेंद्रकडे वळल्या. "तुझी मोटारसायकल आहे न? ॲप्रन इथंच ठेव. आपण तांदूळ घ्याले चाललो."

"तांदूळ?"

"मी अडत्याची पोरगी. तू मिलवाल्या मुनीमाचं पोरगं. कोणी इचारलं त खोटं कुठं आहे? अन् मले खरंच घ्याचा आहे. चिन्नोर."

चुलबंद नदीचा पूल ओलांडला. मॅडम मागे एका बाजूला बसल्या होत्या, पदर दातात धरून. गावाच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला लावली.

"एक ऐक. तो पायाचं काढत नाही, तोवर तू काढाचं नाही."

"अन् त्यानं काढलंच नाही तर?"

"तर आपण तांदूळ घेऊन परत."

"मॅडम, पाय जाईल त्याचा."

"त्याचा पाय आहे तो, भुपेंद्र. त्याच्याजवळून हिसकून तू कसा वाचवशील?"

देवाजीचं खळं तलावाच्या पाळीखाली होतं. धानाचे भारे रचलेले. एका भाऱ्यावर देवाजी बसला होता, उजवा पाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. त्याची बायको उषाबाई सूप घेऊन धान पाखडत होती. पाहुणे तांदूळ बघायला आलेत हे ऐकून तिनं सूप खाली ठेवलं.

"या न वो बाई. बसा. हा मानूस उठणार नाई, पाहुने येवो का पटवारी येवो. माझं त ऐकत नाई. बैलानं म्हटलं त ऐकते."

"बैल कमी बोलते," देवाजी म्हणाला.

"आयका!"

मॅडम हसल्या. "मले तांदूळ दाखवा बाई. हाताले लावल्याबिगर मी घेत नाही." आणि उषाबाईला घेऊन घराकडे गेल्या. दारात पोचल्यावर ओट्यावर टेकल्या. तिथून खळं दिसत होतं. ऐकू काही येण्यासारखं नव्हतं. स्टूल तेवढं लांब गेलं होतं.

भुपेंद्र जमिनीवर, कोंड्यातच बसला.

"त्या दिवशीचे डाक्टर न तुमी?" देवाजी म्हणाला.

"हव."

"तांदूळ घ्याले आले."

"तांदूळबी घेतो."

देवाजी हसला. एरवी इथं भुपेंद्रनं काहीतरी टाकलं असतं आणि दोघं मिळून हसले असते. तो हसला नाही. बोललाही नाही. वाट बघत राहिला. इतकं अवघड काम त्यानं आजवर केलं नव्हतं.

देवाजी तलावाविषयी बोलू लागला. यंदा तलाव काठोकाठ होता, पण पाळ एका अंगानं झिरपत होती, त्याच्या आज्यानं बांधली तेव्हा असं नव्हतं. मग धानाविषयी बोलला. मग तुडतुड्याविषयी. भुपेंद्रच्या डोळ्यांसमोर ती पिशवी होती आणि पिशवीतली बोटं होती. त्यानं कोंड्यात बोटं रुतवली.

"एकच पोरगी आहे मले," देवाजी म्हणाला. "शुभांगी. भंडाऱ्याले शिकली." त्यानं पायावरच्या पिशवीची गाठ चाचपली. "तो मानूस कोन होता, मालूम आहे तुमाले?"

"आता मालूम आहे. तवा नाई पुसलं म्या. चुकलं माझं."

देवाजीनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "डाक्टरचं चुकते?"

"चुकते."

"हं." त्यानं धानाची एक ओंबी तळहातावर चोळली. फुंकर मारली. "घरी येता येता गाडीवर एक शब्द नाई बोलला जागेश्वर. तवापासून फोन नाई. साखर घरान्यात उतरते म्हनतेत लोक. बापाले आहे, त उद्या पोरीले असन. नाव कोनाचं निघन? पोरीचंच न? अन् साक्षगंधात म्या लंगडत फिरलो त लोक पुसतीन. म्हनून जोडे घेतले बाप्पा. त्या जोड्यानंच चावलं."

भुपेंद्रजवळ उत्तरं तयार होती. साखर कोणाला होते, कशी होते, पोरीला होईलच असं नाही. सगळी चांगली, खरी उत्तरं. त्यानं ती गिळली. देवाजीचं अजून संपलं नव्हतं.

"मांडवात जवायाचे पाय धुवाचे असतेत," देवाजी म्हणाला. "उकिडवं बसाव लागते. पाय नसला त कसं बसू?"

पाळीवर कोणीतरी बैलांना हाकत गेलं.

मग देवाजी खाली वाकला. पिशवीची गाठ सोडायला लागला. भुपेंद्रनं हात पुढे केला आणि परत घेतला. देवाजीनं स्वतःच सोडली.

"दोनच काढता न?"

"त्या दिवशी दोन होती." भुपेंद्रनं पाय हातात घेतला, उलटसुलट पाहिला. "आता तीन."

"अन् पाय?"

"आज आले त राहीन असं मले वाटते. वचन नाई देत."

"इवायाले काय सांगू?"

"ते तुमचं तुमी ठरवा. मी कोनालेच सांगनार नाई. तुमी सांग म्हटलं, त जेवढं म्हनान तेवढंच सांगीन."

देवाजीनं पायाला पिशवी परत गुंडाळली. मग घराकडे तोंड करून ओरडला, "उषा! माझी धुतलेली आंगी आन. तुमसरले चाललो, मिलवाल्याले तांदळाचा नमुना दाखवाले."

"कोनाले चारा टाकता?" उषाबाई आतून ओरडली. "माय, दवाखान्यात जातो म्हना न सीधं!" पण आंगी घेऊन आली ती पळतच. आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून तिनं डोळे पुसले.

देवाजी मोटारसायकलवर बसला. मांडीवर तांदळाची पिशवी, खाली सोडलेल्या दुपट्ट्याआड पाय. गावानं पाहिलं. एकानं विचारलं, "का गा देवाजी, काय भाव देते पाहुना?" देवाजी म्हणाला, "पाहू. अजून बोलून झालं नाई." मॅडम आपले पाच किलो चिन्नोर खांद्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालत गेल्या आणि एसटीनं आल्या.

तीन बोटं गेली. पाय राहिला.

शुद्धीवर आल्यावर देवाजीनं सगळ्यांत आधी फोन मागितला. "लावून द्या. म्याच बोलतो." बोलला तो दोनच वाक्यं. दुपारी जागेश्वर हजर. हातात शिंगाड्यांची थैली. भुपेंद्र वॉर्डात शिरणार होता, तो दाराशीच थांबला. चपला काढल्या. आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"काय इवाई," जागेश्वर म्हणाला, "बोटंच दिली न? मले वाटलं, पोरीसंगं आंदनात अख्खा पाय देऊन राहिले."

"तुमच्या घरी ठेवाले जागा नाई म्हने. म्हनून ठेवला."

दोघं हसले. मग हसणं संपलं. भुपेंद्र जागेश्वरच्या पायांकडे बघत होता. उजव्या पायाचा अंगठा फरशीवर घासत होता, पुढे मागे, पुढे मागे.

"फोन नाई केला तुमी," देवाजी म्हणाला.

"कायले करू? डाक्टरनं सांगितलं अन् तुमी हासले. म्या म्हटलं, मानूस हासून राहिला म्हंजे त्याले आपल्यासमोर बोलाचं नाई. मंग म्या काहून तोंड उघडाव? तुमाले लाज वाटंन म्हनून गप रायलो." अंगठा थांबला. "मायी मायबी साखरेनंच गेली, इवाई. कोनाच्या घरी नाई आता हे?"

देवाजी तोंड भिंतीकडे करून पडून राहिला. जागेश्वरनं एक शिंगाडा सोलला आणि त्याच्या उशाशी ठेवला. मग दुसरा सोलायला घेतला.

भुपेंद्र आत गेला नाही. चपला हातात घेऊनच मागे आला.

त्यानं हे सगळं मॅडमना सांगितलं तेव्हा त्या शिकवायच्या खोलीत होत्या. नवीन वर्षाची तुकडी यायची होती. दवाखान्याचे व्यवस्थापक कधीचे मागे लागले होते, मॅडम, तुमची पद्धत एकदा लिहून द्या, तुमच्यानंतर कोणी स्टुलावर बसलं तर त्याला कळायला नको का? त्या टाळत आल्या होत्या. आज फळ्यासमोर उभ्या होत्या. हाताला खडू लागलेला.

"हासण्याचं जागेश्वरले समजलं," त्या म्हणाल्या. "आपण दोघं डाक्टर खोलीत होतो." पण आवाजात खंत कमी होती आणि नवल जास्त. एखादं सुंदर धान तळहातावर घेतल्यासारखं. "आणखी सांग. अंगठा केव्हा थांबला?"

भुपेंद्रनं पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा ऐकलं. मधे एकदाही तोडलं नाही.

मग त्या फळ्याकडे वळल्या. पहिली ओळ लिहून झाली होती. *सोबत कोण आलं आहे, ते आधी विचारा.* त्याखाली आणखी चार-पाच. सगळ्यांत शेवटी होतं, *स्टुलावर बसणाऱ्यानं उठू नये.*

त्यांनी तळहातानं 'उठू नये' पुसलं. लिहिलं, *तेव्हाच उठावं, जेव्हा*

आणि थांबल्या.

"जेव्हा काय, मॅडम?"

"तेच पाहून राहिली." खडू फळ्याला टेकलेला होता. "त्यानं खुर्ची पुसली तेव्हा मी उठाले पायजे होतं. उठली असती त त्याचं एक बोट वाचलं असतं. हे पक्कं."

"हो."

"पण तू त्या खळ्यावर गेला असता का? कोंड्यात बसला असता? मीच बोलली असती, तू पाहत राहिला असता. अन् पुढच्या देवाजीले तू पुन्हा कालव्याचं पाणी सांगितलं असतं." त्यांनी मान हलवली. "पण त्याचं बोट तुझ्या शिकण्यासाठी नव्हतं, बेटा. असं कसं चालन?"

भुपेंद्रनं त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं एका नियमावर बसलेली ही बाई, हातात खडू घेऊन पहिल्या दिवशीच्या पोरासारखी उभी होती. आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

दारात शकुनबाई आली. "मॅडम, शिकाऊ डिंपल मॅडमची पेशंट आत गेली. सासू आहे संगं, ननदही आहे. डिंपल मॅडम तुमची वाट पाहून राहिल्या."

"आली."

मॅडमनी खडू फळ्याच्या कडेवर ठेवला. हात झटकले. टेबलावरचे चिंचोके डाव्या मुठीत घेतले. दाराशी चपला काढून त्या तपासणीच्या खोलीत गेल्या, आणि आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला.

फळ्यावर 'जेव्हा' तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी त्या परत खडू घेऊन उभ्या राहिल्या, आणि तिसऱ्या दिवशीही. आता तुकडी आली आहे. शिकवायची खोली रोज झाडली जाते. झाडणारी बाई फळा पुसते, पण ती शेवटची ओळ सोडून. तिला कोणी सांगितलेलं नाही. तिनं एकदा भुपेंद्रला विचारलं, "हे पुरं झालं नाई न अजून?"

"नाई झालं," भुपेंद्र म्हणाला.